काचेवरचा थेंब

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घरात कोणीही वेळेवर येत नाही, असं ड्रायव्हर नेहमी म्हणे, आणि त्या रविवारीही ते खरंच निघालं. नानांनी सगळ्यांना दहाला बोलावलं होतं. आत्या पावणेअकराला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "माझं घड्याळ बरोबर आहे, तुमची सगळी पुढे आहेत." दुकानाच्या भिंतीवर एकोणीस घड्याळं होती आणि एकोणीसच्या एकोणीस एकाच मिनिटावर चालत होती. पण आत्यांशी वाद कोण घालणार? नाना त्यांचे सख्खे थोरले भाऊ, त्यांनीही तो नाद केव्हाच सोडला होता.

शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. आत कपाटांच्या मधल्या जागेत चार खुर्च्या आणि एक स्टूल मांडलं होतं. नवल म्हणजे चहा नानांनी स्वतः केला होता. आयुष्यभर ज्या माणसाने चहाचा कप फक्त रिकामा केला, तो आज सकाळी उठून सगळ्यांसाठी पातेलंभर चहा करून बसला होता, वर शीळ घालत होता. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा. धाकटीने तो निमूटपणे प्यायला, आणि आज नाना एवढे खुशीत का, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण तेव्हा तिला दुसऱ्याच गोष्टीची धाकधूक होती.

धाकटी म्हणजे नानांची धाकटी सून, ड्रायव्हरची बायको. ड्रायव्हर शहरातली बस चालवी आणि ती उत्तम चालवी, पण त्याच्या हातात बारीक स्क्रू दिला की तो स्क्रू जन्माचा गेला. त्यामुळे नानांच्या मेजावर मुलगा बसला नाही, सून बसली. अकरा वर्षं झाली. खिडकीजवळचं ते मेज नानांच्या वडिलांनी, आबांनी, करून घेतलं होतं. त्याच्या कडेला कोपरं टेकून टेकून दोन खळगे पडले होते. धाकटीची कोपरं लहान, ती त्या खळग्यांत अर्धीच भरत, पण आता तिला दुसऱ्या कुठल्याही टेबलावर बसून काम करणं जमत नसे.

आणि आज प्रश्न त्या मेजाचाच होता.

थोरला, म्हणजे ड्रायव्हरचा मोठा भाऊ, काउंटर सांभाळायचा. त्याची जीभ अशी की बंद घड्याळ परत नेणारं गिऱ्हाईकही हसत बाहेर पडे. त्याचं म्हणणं होतं की दुरुस्तीचे दिवस संपले. नानांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, हाताला कंप, आणि लोकांना हवीत नवी घड्याळं. खिडकीची जागा दुकानातली सर्वांत चांगली जागा, तिथे काचेची कपाटं लावावीत आणि मेज माडीवर टाकावं. यावर चार महिने घरात धुसफूस चालली होती. शेवटी नानांनी तोड काढली. धाकटी एक घड्याळ पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बनवेल. सगळ्यांसमोर त्याची पाण्यातली परीक्षा होईल. घड्याळ उतरलं तर मेज खिडकीशी राहील आणि ते तिचं. नाही उतरलं तर सोमवारी सुतार येईल.

"सुताराला सांगून ठेवलंय," थोरला चहाचा घोट घेत म्हणाला. "म्हणजे घाई नाही हं. पण सांगून ठेवलेलं बरं."

"तुझं लग्न ठरायच्या आधी तू बँडवाल्याला सांगून ठेवलं होतंस," ड्रायव्हर म्हणाला. "आठवतंय ना पुढे काय झालं?"

"तो विषय नाहीये."

"मुलीकडच्यांनी नकार दिला आणि बँड आला. दोन तास वाजला."

पाणबुडी खो खो हसली. ती या दोघांची धाकटी बहीण, नानांचं शेंडेफळ. जहाजांच्या पोटाखाली उतरून पत्रा तपासणं, पंख्याला अडकलेले दोर कापणं, पाण्याखाली जोडकाम करणं हे तिचं काम. आज या समुद्रात, पुढच्या महिन्यात भलत्याच. घड्याळ तिच्यासाठीच बनलं होतं. दुपारी चारला तिला बंदरावर हजर व्हायचं होतं, म्हणजे अडीचला घर सोडायला हवं होतं.

"मला घड्याळ हवं ते नानांमुळे," ती आत्यांना सांगू लागली. "मी तिकडून फोन करायचे. हिशेब माझा नेहमी चुकायचा. मला वाटायचं इथे संध्याकाळ आहे, आणि इथे पहाटेचे तीन. फोन उचलून नाना म्हणायचे, 'मेलो नाही अजून, झोपलोय.'"

"मग मनगटावर दोन घड्याळं घालायची," आत्या म्हणाल्या.

"पाण्यात एक सांभाळताना जीव जातो, आत्या. मी वहिनीला म्हटलं, एकातच दोन वेळा बसव."

धाकटीने मेजाचं कुलूप काढलं, खण उघडला आणि घड्याळ नानांच्या तळहातावर ठेवलं. ते सगळ्यांच्या हातांतून फिरलं. आतलं यंत्र बाहेरून मागवलेलं होतं, मनगटाच्या हालचालीवर आपोआप चालणारं. बाकी सगळं तिचं. केस, म्हणजे बाहेरची पेटी, कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडून पोलादाच्या कांबीतून कातून घेतलेली, तीही तिसऱ्या खेपेला. निळी तबकडी तिने रंगवलेली, काटे तिने कापून घासलेले. दोन पांढरे काटे पाणबुडी जिथे असेल तिथली वेळ सांगणार होते. तिसरा नारिंगी काटा चोवीस तासांत एकच फेरी मारी, आणि तो कायम घरच्या वेळेवर लावलेला होता.

"हे बाहेरचं कडं एकाच बाजूला का फिरतं?" आत्यांनी विचारलं. त्यांनी ते उलटं फिरवायचा जोर लावून पाहिला होता.

"खाली उतरताना मी त्याच्यावर वेळ लावते," पाणबुडी म्हणाली. "टाकीत हवा किती वेळ पुरेल ते कळायला. त्याला कुठे धक्का लागलाच, तर हवा आहे त्यापेक्षा कमी दाखवेल, जास्त कधीच नाही. जास्त दाखवली तर मी वर येणार नाही."

घड्याळ आत्यांनी एकदम दोन्ही हातांत धरलं आणि जपून परत दिलं.

"काम सुबक आहे," त्या म्हणाल्या. "पण माझं मत विचाराल तर मेज उचललेलं बरं. बाईने मान मोडून बसायचं आणि पुढे काय?"

"ऐकलंत?" थोरला खूश झाला. "आत्यासुद्धा माझ्याच बाजूने आहे."

धाकटीला ते लागलं. आत्यांकडून तिची काही अपेक्षा नव्हती, तरी लागलं. तिने पाण्याच्या परीक्षेचं काचेचं नळकांडं पुढे ओढलं.

इथे या घराच्या दोन रिती सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. पहिली रीत नानांनी घातलेली आणि अकरा वर्षं रोज धाकटीच्या कानी पडलेली: उघडलं की नवी रिंग, नवी रिंग की नवं पाणी. म्हणजे पाण्यातल्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं की आतली रबरी रिंग बदलायची, आणि रिंग बदलली की पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यायची. मग तो देवाचा अवतार असो, त्याला सुटका नाही.

दुसरी रीत आबांची. घड्याळ ज्याने उघडलं त्याने झाकणाच्या आतल्या बाजूला कोरणीने आपली खूण ओढायची. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. पुढे कधी दुसऱ्या कारागिराने घड्याळ उघडलं, तर फक्त त्याला कळतं की आधी इथे कोणाचा हात लागला होता. आबांची खूण होती साधा गोल. नानांनी त्या गोलात टिंब टाकलं. धाकटी अकरा वर्षं घड्याळं उघडत होती, पण काम संपलं की झाकण नानांकडे जाई आणि आत नानांचं टिंब पडे. सुरुवातीला नाना म्हणत, "हात पक्का होऊ दे." तिचा हात पक्का झाला. मग नानांचा कापू लागला. गेली चार वर्षं मेजावरचं सगळं काम तिचं होतं आणि नाना फक्त खूण ओढत, तीही दोन दोन मिनिटं लावून. तिने कधी मागणी केली नाही. पण काल संध्याकाळी या घड्याळाचं कोरं झाकण लावताना तिचा हात थांबला होता, हे खरं. आपल्याला काय हवंय ते तिला तेव्हा अगदी स्पष्ट कळलं होतं. मग तिने झाकण आवळलं, परीक्षा घेतली आणि घड्याळ कुलपात ठेवलं.

"मी पंप मारणार," पाणबुडी म्हणाली. "बुडणार तर माझ्याबरोबर आहे ते."

नळकांड्यात पाणी भरलं, घड्याळ आत सोडलं, वरचं झाकण आवळलं. पाणबुडीने दांडा खालीवर करायला सुरुवात केली. दाबाच्या चकतीवरचा काटा चढत गेला. पन्नास मीटर, शंभर, दीडशे. ड्रायव्हर प्रत्येक टप्प्यावर थांब्याचं नाव घ्यावं तसा आकडा पुकारत होता. दोनशेला ती थांबली. दहा मिनिटं सगळे काचेतून त्या घड्याळाकडे बघत बसले. सेकंदकाटा निवांत फिरत होता.

"चालतंय की!" ड्रायव्हर म्हणाला.

"चालतं बुडालेलंही, थोडा वेळ," नाना म्हणाले. "थेंबाचं बघू."

थेंब ही खरी परीक्षा. धाकटीने घड्याळ पुसलं आणि विजेवर तापणाऱ्या पितळी पाटीवर ठेवलं. हाताला सोसेल इतकं ते गरम झाल्यावर तिने काचेच्या मधोमध गार पाण्याचा एक थेंब सोडला. आत पाणी शिरलं असेल, तर गरमीने त्याची वाफ होते आणि थेंबाखालच्या गार काचेला आतून धरते. थेंब पुसला की काच स्वच्छ दिसली पाहिजे. नाही दिसली तर घड्याळ फुटकं.

एक मिनिट. धाकटीने मऊ कापडाने थेंब टिपला.

काचेवर, बरोबर मधोमध, वाटाण्याएवढा पांढुरका डाग होता. तिने पुन्हा पुसला. डाग गेला नाही. तो आतून होता.

भिंतीवरच्या एकोणीस घड्याळांचा आवाज एकदम मोठा झाला.

"अरेरे," थोरला म्हणाला, आणि त्याचं वाईट वाटणं काही अगदीच खोटं नव्हतं. "एवढी मेहनत."

काल संध्याकाळी धाकटीने हीच परीक्षा घेतली होती. दोनदा. काच कोरडी ठणठणीत होती. तिने घड्याळ उचललं, पालथं केलं, भिंग डोळ्याला लावलं. झाकणावर तिने एक छोटा बाण कोरला होता. झाकण पूर्ण आवळलं की बाणाचं टोक नेमकं कडेच्या, काटे फिरवायच्या चावीकडे येऊन थांबे. काल ते थांबलं होतं, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. आज बाण केसभर अलीकडेच अडकला होता. झाकण पूर्ण बसलेलं नव्हतं. आणि कडेच्या खाचेत पान्याचा एक ताजा ओरखडा होता.

कालनंतर हे कोणीतरी उघडलं होतं.

खणाच्या किल्ल्या दोनच. एक तिच्या गळ्यातल्या दोऱ्यात, दुसरी नानांच्या खिशात. तिने भिंग काढलं आणि नानांकडे पाहिलं. नाना घड्याळाकडे बघत नव्हते. ते स्वतःच्या हातांकडे बघत होते.

तिला सगळं कळलं, फक्त का ते कळलं नाही. आणि पुढच्याच क्षणी तिला हेही कळलं की तोंड उघडलं तर काय होईल. ज्या माणसाने पन्नास वर्षांत एक झाकण वाकडं लावलं नाही, त्याला मुलांसमोर, बहिणीसमोर सांगायचं, की नाना, तुमच्या हातून घड्याळ फुटलं. मेज गेलं तर गेलं. हे तिच्याने होणार नव्हतं.

"रिंग नवी घातली होतीस?" आत्यांनी विचारलं.

"घातली होती," धाकटी म्हणाली. "पण बसवताना दुमडली असेल. माझ्याकडून झालं असेल."

"वहिनी, तू?" पाणबुडी म्हणाली. "तू तर डाळीचा दाणासुद्धा उलटा ठेवत नाहीस."

"होतं कधी कधी."

थोरला उठला आणि खिडकीपाशी गेला. मेजाच्या कडेवरून त्याने हात फिरवला, मायेनेच. "धाकटे, मनाला लावून घेऊ नकोस. हे काम आता बायाबाप्यांचं राहिलंच नाही, मशीनचं झालंय. पण एक सांगतो, राग मानू नकोस. अकरा वर्षं शिकून जर साधी एक रिंग..."

"बस कर," नाना म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. थोरला तरीही थांबला. नाना खुर्चीचा हात धरून उठले, आणि ते उठेपर्यंत सगळ्यांना वाट बघावी लागली.

"ती खोटं बोलतेय," ते म्हणाले. "काल तिनं बंद केलं तेव्हा ते पक्कं होतं. मी शेजारी बसलो होतो. दोनदा थेंब टाकला, दोनदा काच कोरडी. आज सकाळी तुम्ही सगळे उठायच्या आधी मी खाली आलो आणि ते उघडलं. मी. जुनीच रिंग परत घातली, आणि ती नीट बसली की नाही ते या डोळ्याला दिसलं नाही. परत पाण्यात घातलं नाही, कारण पंपाचा आवाज झाला असता आणि ही उठली असती. माझीच रीत आणि मीच मोडली."

"पण कशाला, नाना?" ड्रायव्हर म्हणाला. "काय गरज होती?"

"उघड," नाना धाकटीला म्हणाले. "आधी उघड, पाणी आत राहायला नको. बाकीचं मग."

तेवढं मात्र खरं होतं. धाकटी मेजावर बसली, कोपरं टेकली, आणि तिचे हात एकदम शांत झाले. झाकण अर्ध्या वळशात सुटलं. रिंग एका जागी खाचेबाहेर येऊन चिमटली होती. केसच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढा पाण्याचा मणी होता. यंत्रापर्यंत काही पोचलं नव्हतं. तिने तो मणी टिपला, यंत्र काढून गरम हवेत ठेवलं, आणि पुसायला म्हणून झाकण उलटं केलं.

ती पुसायची थांबली.

झाकण कोरं नव्हतं. आत आजची तारीख होती. तारखेच्या वर एक गोल होता. गोलात टिंब होतं. आणि गोलाच्या उजव्या कडेला, बाहेर आलेली, एक छोटी जाडसर रेघ होती. सगळं वेडंवाकडं, थरथरत ओढलेलं. गोल तर बटाट्यासारखा झाला होता.

"ही कोणाची खूण?" तिने विचारलं.

"तुझी," नाना म्हणाले. "आबांनी गोल काढला, मी टिंब टाकलं. अजून ते घड्याळ झालं नव्हतं. चावी राहिली होती. ती मी तुझ्या नावची काढली." त्यांनी घसा साफ केला. "घड्याळ परीक्षेत उतरणार, हे मला माहीतच होतं. मग मी म्हणणार होतो, आता उघड आणि बघ. मोठ्या थाटात सांगणार होतो. चहासुद्धा केला होता."

"पण नाना," ड्रायव्हर म्हणाला, "हे घड्याळ तर चावीशिवायच चालतं."

"तू गप बस."

पाणबुडी हसता हसता रडायला लागली. थोरला खिडकीपाशी तसाच उभा होता. आत्या स्टुलावरून उठून मेजापाशी आल्या, धाकटीच्या हातातलं भिंग त्यांनी न विचारता घेतलं, आणि सराईतपणे डोळ्यात बसवलं. बायका कुंकू लावतात तितक्या सहज त्यांनी ते बसवलं. धाकटीने आजवर आत्यांना भिंगाला हात लावताना पाहिलं नव्हतं.

"चार वर्षं बसले होते मी इथे," आत्या झाकण बघत म्हणाल्या. "लग्नाआधी. केसासारख्या बारीक स्प्रिंगा या दादाला जमायच्या नाहीत, त्या मी सरळ करायचे. विचार त्याला."

"खरंय," नाना म्हणाले.

"आबांनी माझ्या प्रत्येक कामावर स्वतःचा गोल काढला. मला वाटलं, हिचंही तेच होणार. उगाच कशाला आयुष्य घालवायचं, म्हणून मी म्हणत होते मेज उचला." त्यांनी भिंग काढलं. "थोरल्या, सुताराला सांग, यायची गरज नाही."

"आत्या, आत्ता तू माझ्या बाजूने होतीस ना?"

"होते. आता नाही. आणि घड्याळाचं म्हणशील, तर ते नापास झालंय तुझ्या बापाच्या हातून, हिच्या नाही. हिची परीक्षा अजून व्हायचीय."

त्यानंतर दोन तास धाकटी मेजावरून उठली नाही. तिने यंत्र वाळवलं, भिंगाखाली कोपरा न् कोपरा तपासला, परत बसवलं. नवी रिंग काढली, तिला चिकट तेलाचं बोट लावलं, खाचेत चहूकडून दाबून घेतली. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी घड्याळांकडे बघे, एकोणीसही घड्याळांकडे, न जाणो एखादं कमी दाखवेल. झाकण लावायची वेळ आली. धाकटीने कोरणी उचलली, आणि ती नानांपुढे धरली.

"काय?" नाना म्हणाले.

"ज्याने उघडलं त्याने खूण ओढायची. सकाळी तुम्ही उघडलंत."

नाना तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे माझ्या चुकीची नोंद करतेस?"

"रीत तुमच्या वडिलांची आहे, मी काय करू?" ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "खाली जागा आहे. माझ्या खुणेच्या खाली."

नानांना हसू आवरेना. त्यांचं पोट हललं, खांदे हलले. ते तिच्या शेजारी मेजावर टेकले. आत्यांनी झाकण दोन बोटांत घट्ट धरलं, आणि पन्नास वर्षं जी खूण सगळ्यांच्या वर पडत आली होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा सुनेच्या खुणेखाली पडली. एक लहानसा गोल, त्यात टिंब. तो गोल मात्र बऱ्यापैकी गोल आला. नानांनी तो भिंगातून दोनदा बघितला. हरल्याचं काही त्यांच्या तोंडावर नव्हतं. शेतात पहिलं पीक आलेल्या माणसासारखे ते दिसत होते.

झाकण बंद झालं. बाणाचं टोक चावीकडे येऊन थांबलं. धाकटीने ते सगळ्यांना दाखवलं, थोरल्यालाही. पुन्हा पाणी, पुन्हा पंप, पुन्हा दोनशे. या वेळी ड्रायव्हरने आकडे पुकारले नाहीत. पुन्हा पितळी पाटी. पुन्हा थेंब.

थेंब टिपायला कापड पुढे झालं ते थोरल्याचं होतं. त्याने खिशातून स्वतःचा रुमाल काढला होता. त्याने थेंब हलकेच टिपला, वाकून काचेकडे बघितलं, घड्याळ उजेडात तिरपं धरून बघितलं. तो काउंटरवरचा माणूस, पण शेवटी याच घरातला. चांगलं काम त्याला कळत होतं.

"कोरडी," तो म्हणाला. मग आणखी एकदा, मोठ्याने, "कोरडी आहे, नाना!"

अडीचला सहा मिनिटं कमी होती. पाणबुडीने घड्याळ मनगटावर चढवलं, नारिंगी काटा सगळ्यांना दाखवला आणि पिशवी उचलली. नानांच्या पाया पडून ती धाकटीकडे आली आणि तिला इतकं घट्ट धरलं की तिचं भिंग खाली पडलं. "वहिनी, खाली अंधारात असताना मला कळेल, वर कोण बसलंय," ती म्हणाली. ड्रायव्हर तिला बंदरावर सोडायला निघाला. आज बस नव्हती, त्यामुळे तो कुठल्याच थांब्यावर थांबणार नव्हता.

दुकानात चौघं उरली. आत्यांनी उरलेला गोड चहा नाक मुरडत गरम केला. धाकटी मेजावरचं सामान आवरू लागली, आणि आवरता आवरता शनिवारपासून पडलेलं एक दुरुस्तीचं घड्याळ तिने पुढे ओढलं, सवयीने. थोरला खिडकीच्या चौकटीची मापं लिहिलेला कागद घडी घालून खिशात ठेवत होता. नाना काउंटरपाशी खुर्चीत बसून बशीतला चहा फुंकत होते.

अर्ध्या शटरखालून एक गिऱ्हाईक वाकून आत आलं. हातात बंद पडलेलं घड्याळ.

"उघडं आहे ना? घड्याळमास्तर आहेत का?"

आख्खा रस्ता नानांना मास्तर म्हणत असे. नाना त्या माणसापासून दोन हातांवर बसले होते. त्यांनी बशी तोंडाला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळांकडे बघू लागले, जणू त्यांना आजच ती दिसली होती.

थोरल्याने बापाकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मेजावर धाकटी भिंग लावून वाकली होती, कोपरं त्या दोन खळग्यांत टेकलेली.

"आहेत ना," थोरला म्हणाला आणि गिऱ्हाइकासाठी खुर्ची पुढे केली. "त्या काय, मेजावर बसल्यात. हातातलं एवढं झालं की बघतील. बसा."